चारही पालथ्या म्हणजे आठ

माझ्या मुलीला साडेचार वर्षांची असतानाच शंभरपर्यंत आकडे येत होते. म्हणजे तोंडाने. वन टू थ्री सुरू केलं की ती एका दमात हंड्रेड गाठायची, वाटेत ट्वेंटी नाइनवरून थेट फॉर्टीवर उडी मारली तरी तिचं काही अडायचं नाही, आणि व्हिडिओ कॉलवर नाशिकहून सासूबाई टाळ्या वाजवायच्या. पण कागदावर सात काढून "हे काय?" विचारलं की ती शांतपणे म्हणायची, "टेन." आठ दाखवला तरी टेन. तीन दाखवला तरी टेन. दहा हा तिचा लाडका आकडा होता आणि तो ती सगळ्यांना सढळ हाताने वाटत होती.

ओळखायची ती फक्त चार आणि दोन. चार, कारण लिफ्टमध्ये ते बटण दाबलं की आपलं घर येतं. दोन, कारण तिथे आमच्या शेजारच्या खाला राहतात आणि त्यांच्याकडे बिस्किटं असतात. बाकीच्या मजल्यांवर तिचं काही काम नव्हतं.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. साडेचार वर्षांच्या पोरीने सात ओळखला नाही म्हणून आभाळ कोसळत नाही. पण आम्ही राहत होतो सौदीतल्या जुबैलमध्ये, आणि तिथल्या ज्या भारतीय शाळेत तिला घालायचं होतं तिथे जागा थोड्या आणि मुलं मुबलक. केजीच्या प्रवेशासाठी मुलांची छोटीशी मुलाखत असायची, आणि वीसपर्यंतचे आकडे ओळखता येणं ही त्यातली मुख्य गोष्ट. फेब्रुवारीत मुलाखत होती. आमच्या हातात उणेपुरे दोन महिने.

नाही मिळाला प्रवेश तर काय, हेही जेवणाच्या टेबलावर ठरून गेलं होतं. सासूबाईंनी नाशिकला घराजवळच्या शाळेत शब्द टाकून ठेवला होता. नवरा भाताची मूद मोडत म्हणाला, "तसं झालं तर तुम्ही दोघी जा. वर्षभराचा तर प्रश्न आहे. मी राहीन इथे."

वर्षभर! आमच्या बिल्डिंगमध्ये अशी वर्षभरासाठी गेलेली कुटुंबं मला माहीत होती. बायका-मुलं तिकडे रुळतात, इकडे नवरा कंपनीच्या बॅचलर खोलीत राइस कुकरशी संसार करतो, आणि मुलं बापाला फोनच्या पडद्यावर वाढताना दाखवली जातात. मला ते नको होतं. मी तसं स्पष्ट सांगितलं, जरा मोठ्याने सांगितलं, आणि डाळीची वाटी आपटली. मुलगी हॉलमध्ये कार्टून बघत होती. तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं, असं आम्ही धरून चाललो.

नवऱ्याने इंजिनियराला शोभेलसा उपाय केला. ऑफिसातून वीस कार्डं रंगीत छापून, प्लॅस्टिकमध्ये मढवून आणली आणि रोज शिफ्टवरून आल्यावर सोफ्यावर आडवा पडून उंटावरून शेळ्या हाकू लागला. "हे काय बाळा? नीट बघ. परवा सांगितलं होतं ना?" बाळ नीट बघायचं आणि म्हणायचं, "टेन." चार दिवसांनी त्या कार्डांचं तिने बाहुलीसाठी घर बांधलं. घर चांगलं मजबूत झालं होतं. मढवण्याचा दर्जा उत्तम होता.

तेव्हा मी जाहीर केलं की आता हे खातं माझ्याकडे. आम्ही काय कार्डं बघून शिकलो? अंगणात खेळता खेळता शिकलो. फक्त इथे अंगण नव्हतं. खाली पार्किंग आणि त्यापलीकडे रस्ता. मग मी हॉलचा गालिचा गुंडाळला, नवऱ्याची काळी इन्सुलेशन टेप घेतली आणि फरशीवर ठिकरीचे चौकोन आखले. आठ घरं. प्रत्येकात खडूने आकडा. ठिकरी म्हणून बाटलीचं झाकण. झाकण ज्या घरात पडेल त्याचं नाव घ्यायचं, मग लंगडी घालत जायचं. मी स्वतः एक फेरी घालून दाखवली. दुसऱ्या फेरीला गुडघ्याने तक्रार केली, पण हौसेला मोल नसतं.

संध्याकाळी नवरा आला. दारातच थबकून फरशीकडे बघत राहिला.

"तू मराठी आकडे लिहिले आहेस."

खरंच की. १, २, ३, ४... हात आपोआप वळला होता. पोरीने दिवसभर लंगडी घालून जे पाच-सहा आकडे पाठ केले होते ते शाळेत कुणीच विचारणार नव्हतं. नवरा इतका हसला की शेवटी मी त्याच्याच हातात ओलं फडकं दिलं.

दुसऱ्या दिवशी इंग्रजी आकडे घातले. खेळ रंगात आला. इतका रंगात आला की खालच्या मजल्यावरून छताला झाडूच्या दांड्याचे ठोके आले. मग दार वाजलं. खालच्या घरातली बाई अत्यंत सभ्यपणे म्हणाली की तिच्या झुंबराला आमची लंगडी कळते. ठिकरी तिथेच संपली.

आता बसून खेळायचा खेळ हवा होता. सागरगोटे आठवले, पण ते तिच्या मुठीत मावेनात. मग आठवला पट. पाच आडव्या रांगा, पाच उभ्या, मध्ये फुल्या, कवड्या टाकायच्या आणि सोंगट्या चालवायच्या. कुणी त्याला अष्टाचंगा म्हणतं, कुणी आणखी काही. आम्ही लहानपणी नुसतंच "पट मांडू या" म्हणायचो आणि उन्हाळ्याची अख्खी दुपार त्यावर भांडायचो.

पट आखला सुफ्रावर. सुफ्रा म्हणजे इथे जेवताना जमिनीवर अंथरतात तो पातळ प्लॅस्टिकचा कागद; वाण्याकडे त्याची गुंडाळीच मिळते, हवा तेवढा फाडायचा. कवड्या कुठून आणणार? पण घरात हुफूफहून आणलेला खजुराचा डबा होता. चार खजूर खाल्ले, बिया धुतल्या आणि गॅलरीच्या खरबरीत कट्ट्यावर बसून एक एक बी एका अंगाने घासली, लहानपणी चिंचोके घासायचो तशी. घासलेलं अंग सपाट आणि पांढरट झालं, दुसरं तपकिरी राहिलं. पांढरी बाजू वर आली तर बी उताणी, तपकिरी वर आली तर पालथी. एक उताणी तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन, चारही उताण्या तर चार. आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ. आठ पडले की पुन्हा दान टाकायचं. माझ्या पोरीला हा शेवटचा नियम एवढा आवडला की पहिल्या दिवशी ती बिया टाकायच्या आधी त्यांच्या कानात काहीतरी सांगायची.

माझी भर एवढीच, की सगळ्या पंचवीस घरांत मी क्रमाने आकडे लिहिले. सोंगटी ज्या घरात पोचेल त्या घराचं नाव सांगायचं. चुकलं तर आल्या पावली परत.

हा नियम ऐकून सगळ्यात जास्त भडकल्या त्या खाला. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या, रत्नागिरीकडच्या. त्यांचा नवरा आणि दोन मुलगे दुकानात, त्यामुळे दुपारी त्यांना सोबत हवी असायची. त्या आल्या, पटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय मांडलंस गो? घरात आकडे?"

"शिकवायला, खाला."

"आणि सगळ्यांनी एकाच दारातून सुटायचं? आमच्याकडं चौघांची चार घरं असतात."

"मग आकडे चार बाजूंनी लिहावे लागतील ना. म्हणून एकच दार."

"एकच दार, एकच घर! मग भांडायचं कशावरून?" खाला म्हणाल्या आणि बसकण मारली. भांडायला त्यांना काही कमी पडलं नाही. एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येतं की नाही, यावर नाशिक आणि रत्नागिरी यांचं जे वाजलं ते मिटायला आठवडा लागला. मिटलं म्हणजे मी हरले. मारल्याशिवाय आत प्रवेश नाही.

दहा-बारा दिवसांत चमत्कार झाला. पोरीला सहा आणि नऊ वेगळे दिसू लागले. कारण सहाच्या घरात मार खायला लागतो आणि नवाच्या घरात फुली असते, तिथे कुणी हात लावत नाही. अकराच्या घरात खालांनी तिला तीनदा मारलं होतं, ते ती जन्मात विसरणार नव्हती. नवऱ्याने एका संध्याकाळी सहज सतरा लिहून दाखवला. तिने तो ओळखला, आणि वर सांगितलं, "इथून आत जायचं असतं. पण पहिले मारावं लागतं." नवरा माझ्याकडे बघू लागला. मी त्याची उरलेली कार्डं आणून बाहुलीच्या घरावर दुसरा मजला चढवला.

तरी ती हरायची. रोज हरायची. प्रत्येकाला चार सोंगट्या असतात, पण तिने हट्टाने तीनच घेतल्या. एक माझ्या फुटलेल्या बांगडीचा निळा तुकडा, एक बापाच्या प्लांटवर घालायच्या कपड्यांचं तुटकं बटण, आणि एक तिच्या वेणीच्या रबरातला लाल मणी. मी चौथी म्हणून मक्याचा दाणा दिला तर ती म्हणाली, "नो आई, थ्री ओन्ली." आणि चालायची कशी, तर तिन्ही बरोबर. बांगडी दोन घरं पुढे गेली की लगेच मण्याला न्यायची, मग बटणाला. एक पुढे आणि बाकीच्या मागे असं तिला चालायचंच नाही. अशाने कुणी जिंकतं का? मी सांगून थकले.

"अगं, एक सोंगटी पळव ना पुढे! एकीला नेऊन पोचव आधी."

"नो."

"मग तू हरणार."

"ओके," म्हणायची. आणि तिचं बटण कुणी मारलं की मात्र भोकाड पसरायची. बांगडी मारली तर रुसायची, मणी मारला तर चालायचं, पण बटण मारलं की डाव बंद. खाला एकदा चहा पिता पिता म्हणाल्या, "ही जिंकायला खेळत नाय गो. बघ जरा तिची चाल." मी म्हटलं, बापासारखी हट्टी आहे, दुसरं काय. आकडे येतायत ना, बस झालं.

मुलाखतीच्या दिवशी नवऱ्याने सुट्टी घेतली होती, पण आत एकाच पालकाला प्रवेश. तो गाडीत बसून राहिला. आम्ही दोघी आत गेलो. मॅडम केरळच्या, केसात पांढरी बट, चष्मा साखळीला अडकवलेला. मला मागच्या खुर्चीवर बसवून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे मी गप्प राहायचं.

मॅडमनी कार्डं दाखवायला सुरुवात केली. सात. "सेव्हन." बारा. "ट्वेल्व्ह." नऊ. "नाइन. सेफ." मॅडम जरा थांबल्या. तेरा. "थर्टीन. ये भी सेफ." अकरा दाखवल्यावर तिने तोंड वाकडं केलं आणि "इलेव्हन" असं म्हणाली की जणू तो नातेवाईक आहे आणि घरी आला तर दार उघडू नये. मी मागे बसून मनातल्या मनात नाशिकचं तिकीट फाडत होते.

मग मॅडमनी एक ट्रे घेतला. त्यात प्लॅस्टिकची सफरचंदं. तीन ठेवली, "थ्री." पाच ठेवली, "फाइव्ह." मग मॅडमनी ट्रे तिरका करून सगळी सफरचंदं खाली डब्यात ओतली, रिकामा ट्रे तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "अँड नाउ?"

पोरीचा चेहरा उजळला. ती खुर्चीतून अर्धी उठलीच.

"एट!"

मॅडमना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी ट्रे पुन्हा दाखवला. "लुक अगेन. हाउ मेनी?"

"एट! माय टर्न अगेन!" म्हणत तिने ट्रेकडे हात पसरले.

मी खोकले. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. मी खोकला गिळला. तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा आठ. मॅडम पेन उचलू लागल्या आणि माझ्याने राहवेना. मी उभी राहिले आणि इंग्रजीतून म्हणाले, "मॅडम, तिची चूक नाही. खजुराच्या बियांमुळे असं होतंय."

या वाक्याने आमची बाजू भक्कम झाली असं म्हणता येणार नाही. मॅडम माझ्याकडे अशा बघू लागल्या की जणू आता आईचीही चाचणी घ्यावी लागणार.

पण तेवढ्यात पोरीने फ्रॉकच्या खिशात हात घातला. सकाळी मी खिसे तपासले नव्हते. त्यातून चार बिया निघाल्या, बांगडी निघाली, बटण निघालं, मणी निघाला. तिने बिया मुठीत हलवल्या आणि मॅडमच्या टेबलावर टाकल्या. दोन उताण्या, दोन पालथ्या. "टू." पुन्हा टाकल्या. "थ्री." मग आपल्या हाताने चारही पालथ्या घातल्या. "अँड धिस इज एट. फिर से टर्न मिलता है." असं म्हणून तिने बिया मॅडमच्या हातावर ठेवल्या. मॅडमनी टाकल्या. एकच उताणी.

"वन," मुलगी सहानुभूतीने म्हणाली. "कोई बात नहीं."

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. त्या हिंदीत म्हणाल्या, "मग माझ्या ट्रेमध्ये किती? आठ की काहीच नाही?"

"ट्रे में तो झीरो है," ती म्हणाली, लहान मुलाला समजवावं तशी. "पर आपने दान डाला ना. सब गिराया. तो एट."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांची नजर उरलेल्या तीन वस्तूंवर गेली. ही काय आहेत, असं त्यांनी विचारलं, आणि मला अजून आठवतं की मी तेव्हा पर्स उचलत होते, झालं एकदाचं या समाधानात.

"ये आई," बांगडीवर बोट ठेवून ती म्हणाली. "ये बाबा. ये मैं. हम थ्री हैं." मग तिने बांगडी आणि मणी उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले. "मैं नंबर राँग बोली तो टू नाशिक जाएगा. और वन इधर. अकेला."

बटण टेबलाच्या मध्ये एकटं पडलं होतं. त्याला प्लांटवरचा काळा डाग होता, धुवून न गेलेला. मला एकदम रडू फुटलं. आवरता आलं नाही आणि आवरावं असंही वाटलं नाही. कित्येक आठवडे मी तिला ओरडत होते, एकीला पुढे पळव, बाकीच्यांना सोड मागे. आणि ती रोज आम्हा तिघांना एका वेळी एक घर असं ओढत नेत होती, मार खात, हरत, आणि घराघराचा आकडा पाठ करत.

मॅडमनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मग दुसऱ्या टोकाची बांगडी आणि मणी उचलून परत बटणाशेजारी ठेवले आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "ही वजाबाकी झाली. ती आम्ही पहिलीत शिकवतो."

गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, कसं झालं. मी सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा रडले. तो घाबरला, त्याला वाटलं गेलं सगळं. पोरगी मागून म्हणाली, "बाबा, मॅडमला फक्त वन पडला." मग मी सगळं सांगितलं, पार बटणापर्यंत. तो गाडी सुरू करायचंच विसरला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला आणि खिडकीतून हात काढून "यल्ला, यल्ला" केलं, तेव्हा निघालो.

चार-पाच दिवसांनी शाळेतून फोन आला, मुलीचे फोटो आणि इकाम्याची, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याची, प्रत घेऊन या. मी आनंदाने ओरडले ते खालच्या झुंबरालाही कळलं असणार. नाशिकला कळवलं, दोन नंबरला जाऊन खालांना कळवलं. नवऱ्याने पोरीला खांद्यावर घेऊन हॉलभर नाचवलं आणि तिला नीट समजावून सांगितलं, की कुणी कुठे जात नाही. "सगळे इथेच?" तिने विचारलं. सगळे इथेच.

संध्याकाळी तिनेच पट मांडला. चौघं बसलो, नवरा पहिल्यांदाच खेळत होता आणि संभाव्यतेवर बोलत होता, तीनदा लागोपाठ एक पडला तेव्हा कुठे थांबला. पोरीला आठ पडले. पुन्हा टाकलं, तीन पडले. तिने बटण उचललं आणि एकट्यालाच सुसाट पुढे नेलं, बांगडी आणि मणी मागेच ठेवून. अकराच्या घरात. "इलेव्हन," ती म्हणाली आणि बिया माझ्या हातात दिल्या.

मला दोन पडले. माझी सोंगटी नऊवर होती. म्हणजे बटण मरत होतं. मी सोंगटी उचलली आणि हात थांबला. खालाही बघत राहिल्या, नवराही. मी सोंगटी हळूच परत नवाच्या फुलीवर ठेवायला लागले.

"आई, चीटिंग नको," माझी मुलगी म्हणाली. "मार ना. बटणच आहे ते."